आम्ही की आपण

फहाहीलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दिवा मालवून
आम्ही सात जण आणि एक ट्रान्झिस्टर.
भाषण अरबीत. मराठी करून सांगणारा इसाक परकार,
दाभोळचा, शुवैखच्या गोदामात चौदा वर्षं स्टोअरकीपर;
अरबी बाजारात शिकलेली, भाव पाडण्यापुरती.
मी टिपून घेत होतो, इन्व्हॉइसच्या पाठीवर.

तो कागद अजून आहे. घड्यांवर विरलाय.
आता डोळ्यांना चष्मा आणि हाताशी वेळ,
म्हणून मोजत बसलो:
एका जुन्या लढाईचं नाव, तीनदा.
परक्यांनी तंबूत बसून ओढलेली सरहद्द, दोनदा.
ती गोष्ट खोटी नव्हे, म्हणूनच तिथे बसवलेली,
खोट्या नाण्यावर खऱ्या चांदीचा मुलामा असतो तशी.
प्रश्न चार. उत्तराला जागा कुठल्याच नाही.
तेल हा शब्द अख्ख्या भाषणात नाही;
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत मात्र
रात्रभर भिंतीवर आमच्या सावल्या हलवत होती.

'शहराला मुक्त केले.'
भावे प्रयोग. चिपळूणला पेंडसे मास्तर सांगायचे,
यात क्रियापद कर्त्याला जुमानत नाही, कर्मालाही नाही.
इथे तर कर्ता आलाच नव्हता.
तेव्हा पाठ केलं होतं, दोन मार्कांसाठी.

मग ते 'नह्नु'.
त्यांच्यात एकच. आपल्यात दोन:
आम्ही, ज्यात ऐकणारा नाही;
आपण, ज्यात त्याला न विचारता धरलेलं.
इसाक पहिल्या झटक्यात म्हणाला, 'आपण जिंकलो,'
आणि थबकला.
सगळे त्याच्याकडे बघायला लागले.
आमचे पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत,
कफील कुठे, अल्लाला ठाऊक.
'आम्ही,' त्याने सुधारलं. 'आम्ही जिंकलो. म्हणजे, ते.'
कोपऱ्यातून गजा नार्वेकर म्हणाला,
'आणि हरलं कोण? त्याला काय शब्द वापरलाय?'
रेडिओवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.
इसाक बराच वेळ गप्प.
'त्याचं वाक्य माझ्याकडून निसटलं,' म्हणाला.

निसटलं, की नव्हतंच?
अम्मानच्या वाटेवर, तंबूत, पाण्याच्या रांगेत
त्याला विचारायचं राहून गेलं.
कागदावर तिथे बोटभर जागा कोरी आहे,
आणि वर 'आपण' खोडलेलं, एकाच रेघेनं,
अजून वाचता येतं.

उलटून पाहिलं:
सिमेंट, दोनशे पोती.
माल पोचल्याची सही नाही.