सत्तावीस किलो केस

मोठा काटा इथं नाही, आणि असता तरी
या उतारावर तोपोझला त्यावर चढवणार कोण?
(याकाला इकडे तोपोझ म्हणतात.)
म्हणून टेप. पुढच्या पायांमागून, छातीभोवती:
एकशे अठ्ठावन्न.
वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं,
दहा हजार आठशे चाळीसनं भागायचं.
दोनशे शहात्तर किलो.

कालीपाआजी म्हणाली, एवढी कुठली गं ती,
निव्वळ कातडं आणि हाडं.
मग मी बोटं खुपसली लोकरीत,
टेप दाबत दाबत नेली कातडीपर्यंत.
एकशे पन्नास. म्हणजे दोनशे एकोणपन्नास.
सत्तावीस किलो नुसते केस होते.
केसांना ताप येत नाही,
तरी त्यांच्या वाट्याचं औषध मी सिरिंजमध्ये ओढलं होतं.

बिश्केकला आमचे एक मास्तर म्हणायचे,
कमी पडलं तर जंतूंची शाळा भरते,
जास्त झालं तर मूत्रपिंडाचा बाजार उठतो.
आम्ही हसायचो. तेव्हा आमच्याकडे काटे होते.

बाटलीत उरलंय की, आजी म्हणाली,
बेकतूरला दे थोडं, तोही खोकतोय.
जनावराचं आहे आजी, मी म्हणाले.
आम्ही काय निराळे?
एकाच शेकोटीची ऊब, एकाच सडाचं दूध.
यावर मला उत्तर सुचेना,
म्हणून मी मुलाचं वजन विचारलं.

लोकर तोलायच्या हुकाला आजीची शाल बांधली,
शालीत बेकतूर. चौदा.
टोपी काढली. बूट काढले.
खिशातून निघाले कुरुतचे चार गोळे
आणि नदीतला एक दगड, जो त्याला लगेच परत हवा होता.
तेरा.

फोनला रेंज फक्त थडग्यांच्या टेकडीवर.
खाली गावच्या दवाखान्यात कानिमबूबू म्हणाली,
आधी श्वास मोज, पूर्ण मिनिटभर, घाई करू नकोस.
मी खाली आले, मोजले, परत चढले: शेहेचाळीस.
तेरा गुणिले चाळीस, ती पुटपुटली, पाचशे वीस,
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पाच दिवस.
अंधार पडता पडता तिचा मुलगा घोड्यावरून बाटली घेऊन आला.
दहा मिलीलीटर आणि वर चार रेघा.

राहिलं दूध.
जे मी तोपोझच्या मानेत टोचलं
ते संध्याकाळी वाटीत येतं,
आणि वाटीला वजनं विचारत नाही कुणी.
सात दिवस ओतून टाक, मी म्हणाले.
आजी भांडं घेऊन लांब गेली,
ओतताना जमिनीची माफी मागत होती.

आजीला अक्षर येत नाही. मी दोन दोऱ्या दिल्या.
पांढरी दुधाची, सात गाठी, रोज पहाटे एक सोडायची.
लाल मुलाची, दहा गाठी, सकाळी एक, संध्याकाळी एक.

चौथ्या दिवशी सकाळी पोचले
तर दुधाचं भांडं घासून उन्हात पालथं घातलेलं.
पांढऱ्या दोरीला उरली होती एक गाठ.
लालला सात.

मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाली,
नमद्याच्या तंबूत, दिव्याच्या उजेडात
दोन्ही दोऱ्या राखाडीच दिसतात गं.
केस वजा केले होते मी, बूट वजा केले होते,
दगडसुद्धा.
तिचे डोळे हिशेबात धरले नव्हते.

फोनवर कानिमबूबू बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. बाटली पाठवते.
आणि ओरडू नकोस म्हातारीवर.
मी कुठे ओरडणार होते.

बेकतूरच्या सदऱ्याचं एक बटण तोडलं,
लाल दोरीच्या टोकाला शिवलं.
दुधाची दोरी तोपोझच्याच केसांची वळली, जाड, खरखरीत.
आजीनं डोळे मिटून दोन्ही हातात घेतल्या.
ही तिची, म्हणाली. ही त्याची.
पुन्हा विचारलं. पुन्हा बरोबर.

त्या रात्री मी तिथंच राहिले.
पहाटे दिवा न लावता ती उठली,
भिंतीवर हात फिरत गेला,
केसांवरून पुढे सरकला, बटणाशी थांबला.
बेकतूर झोपेत कण्हला. मी त्याचे श्वास मोजू लागले
आणि अठराच्या पुढे कुठंतरी मला झोप लागली.