बारा घरं

डग्लस अंकलनी पहिल्या दिवशी गिटारला हात लावू दिला नाही.
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली दिली.
रॉकेलात भिजवलेली सुतळी तिच्या गळ्याभोवती,
काडी ओढली, मग गार पाण्याच्या बादलीत.
टच्.
'ये गला रख, बाकी फेंक दे.'
कड बोथट होईपर्यंत आठवडाभर
मी तो गळा पायरीच्या दगडावर घासत होते.

नॅरोगेजचे गार्ड, रिटायर झालेले.
शिट्टी अजून शर्टाच्या खिशात.
बोलता बोलता मध्येच थांबायचे,
जणू सबलगडच्या अलीकडे म्हैस रुळावर आलीय.
तसंच वाजवायचे.
बारा घरं असतात, म्हणायचे,
पहिल्या चारांत नुसती बसून राहा,
पाचव्याचं दार ठोठावू नकोस.

मी सोळाची. घाईशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं.

गिटार मेळ्यातली, जुनी,
तारा इतक्या उंच की बोटांना चरे.
जिवाजीगंजात मुनव्वर मिस्त्रींकडे नेली.
ते फक्त सरोद दुरुस्त करायचे.
परजातीतली सून न्याहाळावी तशी
त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली.
'इतने परदे? मींड कहाँ रखोगी, बेटा?'
घोडी उपटली, उंटाच्या हाडाची बसवली,
पैसे घेतले नाहीत.
करवंटीचा एक जवा दिला
आणि त्यांच्या सरोदच्या पोलादी पट्टीवर
माझं बोट धरून सरकवलं,
एका सुरातून निघून दुसऱ्यात पोचेपर्यंत
जो रस्ता लागतो, त्यावरून.

घरी कुमुदआत्या.
चाळीस वर्षं लष्करातल्या मुलींना गाणं शिकवलेली.
पोळी तव्यावर तशीच सोडून दारात आली.
'हा गंधार कुठला ग?
कोमल नाही, शुद्ध नाही.
चढतोय की पडलाय?'
मला सांगता येईना.
डग्लस अंकलना विचारलं. ते हसले, मग बराच वेळ खोकले.
'बोल देना, उसका ट्रान्सफर ऑर्डर अटका हुआ है.'
मी तसंच सांगितलं. आत्या हसली नाही.
करपलेली पोळी तिने आपल्या ताटात घेतली.

एकदा जेवताना म्हणाले,
ही गाणी कापूस वेचणाऱ्यांची, फार लांबच्या देशातली.
बिर्लानगरची मिल बंद झाल्याला तिसरं वर्ष,
बाबा जेवणात मिठासुद्धा मागत नसत.
'कुठला कापूस? लांब धाग्याचा?'
माहीत नाही, म्हटलं.
'विचारून ये.'
त्या दिवशी ते एवढंच बोलले.
दुसऱ्या संध्याकाळी मी वाजवायला बसले
तेव्हा त्यांच्या खोलीचं दार
वहाण आडवी लावून उघडं ठेवलेलं होतं.

मग मार्चमधली ती रात्र, दिवे गेलेले.
बाटलीचा गळा करंगळीत,
पहिली चार घरं मी खरंच बसून काढली.
पाचवं आपणहून आलं.
अंधारात कुठेतरी गुडघ्यावर चापट पडत होती,
संथ, एकतालाच्या बेताची.
मोजते आहे हे तिला मान्य नसणार,
म्हणून मीही वळून पाहिलं नाही.

बारावं संपलं.
डास. लांब कुठेतरी जनरेटर.

'अकराव्याला पळालीस,' आत्या म्हणाली.
'परत.'