तीस सेकंद

माटुंग्याच्या उडुप्यात कोपऱ्यातलं टेबल,
डोक्यावर पाटी : विनाकारण बसू नये.
आमच्याकडे कारण होतं.

नौशाद परकार म्हणाला, तीस सेकंद पुरे.
समोरचा गप्प असेल तर कनेक्शन तोडायचं,
थ्रेड मोकळा करायचा, पुढच्याला आत घ्यायचं.
उत्तरा केणी म्हणाली, गप्प आणि मेलेला
यात फरक असतो, बाबा.

चौसष्ट थ्रेड आहेत आमच्या सर्व्हरला.
फुकटचं सॉफ्टवेअर, पगार कुणालाच नाही,
सात वर्षं रात्री जागून लिहिलेलं;
कुठं कुठं चालतं, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही.
थांबायचं किती, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
परवा पहाटे चौसष्टच्या चौसष्ट
एकेका मुक्या कनेक्शनसमोर
गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले,
समाचाराला आलेल्या पाहुण्यांसारखे.
कुणी बोलेना, कुणी उठेना,
आणि पासष्टावा दारात उभा.
लॉगमध्ये चूक एकही नाही.

म्हणून नौशादचा पॅच. एका ओळीचा. तीस.
त्याच्याखाली वेसाव्याच्या निकेश टपकेनं लिहिलं :
माझी एक डबी आहे बापाच्या बोटीवर,
खणातल्या बर्फाचं तापमान सांगते किनाऱ्याला.
साठ-सत्तर मैलांवरून अर्धं वाक्य येतं,
मग एकेचाळीस सेकंद काही नाही,
मग उरलेलं अर्धं.
डबी चालू आहे. लाट मोठी आहे.

एवढ्यात शीनप्पा आला,
तीन ग्लास पाणी आदळून गेला.
उत्तरा म्हणाली, हा बघ. एक थ्रेड, अकरा टेबलं.
कुणाच्या डोक्यावर उभा राहत नाही,
ज्याचं बोट वर, तिकडे वळतो.
नौशाद म्हणाला, आणि आत इडली आणायला गेला
आणि भटाशी भांडत तिथंच अडकला तर?
अकराच्या अकरा उपाशी.
खरं होतं. दोघांचंही.
मी सांबारात चमचा फिरवत बसले.

मग म्हटलं, घड्याळं दोन ठेवू.
दार ठोठावून उभं राहणं वेगळं;
दार उघडून, 'थांबा हं, सांगते' म्हणत
कुणी आत गेल्यावर
पायपुसण्यावर उभं राहणं वेगळं.
पहिल्याला पाच सेकंदही खूप झाले.
दुसऱ्याला?
नौशाद हसला. दुसऱ्याला तू आकडा सांग.
मला सांगता येईना.
उत्तरानं कागदी रुमालावर चाळीस लिहिलं,
मग वाटीच्या बुडाचा गोल डाग त्यावर पडला.

शीनप्पानं न मागता बिल आणून ठेवलं,
बशीत, बडीशेपेखाली.
तीन कॉफ्या, एक इडली-सांबार, दोन तास दहा मिनिटं.
तो काही बोलला नाही,
फडका मात्र आमच्या कोपरांपर्यंत आला.

बाहेर, किंग्ज सर्कलच्या पुलाखाली,
नौशादनं स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला.
तीसचे पंचेचाळीस केले, कारण लिहिलं : लाट.
निकेशला फोन लावला, म्हणाला, सोड एक वाक्य.
निकेश म्हणाला, बोटीवर बाप आहे, डबी आपली आपण बोलते,
आता बोलेल.

अर्धं आलं.
आम्ही मोठ्यानं मोजायला लागलो,
फूलवाली मान वळवून बघायला लागली.
एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.
काही नाही.
बेचाळीस. त्रेचाळीस.
उत्तरानं माझं मनगट धरलं होतं, का कोण जाणे.
चव्वेचाळीसला उरलेलं आलं :
शून्य पूर्णांक चार.

नौशादनं पंचेचाळीस खोडून साठ केले,
मग पुन्हा पंचेचाळीस,
आणि किल्ली लावूनही
बराच वेळ स्कूटर सुरू केली नाही.