कलम चौथे

जालन्याच्या सळई कारखान्यात
धोरणाचा मसुदा लिहायला बसलो.
'पॅनल उघडण्याआधी पुरवठा बंद करावा' –
'करावा' खोडून 'करायचाच' केलं.

समोर मुनीरभाई वायरमन, चहा निवलेला.
त्यांच्या भुवया परत उगवल्याच नाहीत.
"ठिणगी कुठली साहेब, ऊन होतं.
मे महिन्याचं सगळं ऊन एका डब्यात.
आवाज मागून आला."

चौथ्या कलमाशी अडलो:
भट्टी तापलेली असताना
बंद करा म्हणायचं कुणी?
वरून फोन वाजत होता.

मुनीरभाईंनी खिशातून किल्ली काढली,
मेनच्या कुलपाची, एकुलती एक.
"ज्याचा हात आत,
किल्ली त्याच्याच खिशात.
मालक आला तरी.
लिहा."

लिहिलं.
सहीला त्यांनी
डावा हात पुढे केला.