नामदारांचं दार

इतवारीत संत्र्यांच्या पेटाऱ्यांवर मी नावं टाकायचो:
अडत्याचं नाव, वजन, खाली कलकत्ता.
पैशाला दोन पेटारे.
ब्रश माझाच, घोड्याच्या शेपटीचा,
कादर टांगेवाल्यानं दिलेला.

त्या श्रावणात सिव्हिल लाइन्समधून चपराशी आला.
लाल पट्टा, पितळी बिल्ला, पाय चिखलात.
म्हणाला, "चल बापा, सरकार बदललं.
दारावर नाव लिहायचं हाये. आपल्या अक्षरात."

सचिवालयाचा जिना दगडी.
मी जोडे हातात घेऊन चढलो,
फरशी तळव्यांना विचारून राहिली होती,
काहून आलास?

दार सागवानी, माझ्या दीडपट उंच.
त्यावर ट्रॉटर साहेबाचं नाव इंग्रजीत,
सोनेरी, काळ्या सावलीसकट.
कुण्या मद्रासकडच्या कारागिराचा हात असावा. बेजोड.
खरवडताना वाईट वाटलं, साहेबाचं नाही,
त्या हाताचं.
त्याखाली आणखी एक नाव निघालं, त्याखाली आणखी एक.
दाराला सगळे पाठ होते.

हेडक्लार्क बोंद्रे चष्मा कपाळावर सारून उभे.
काय लिहावं? मिनिस्टर? दिवाण?
रायपूरचा बाबू म्हणे मंत्री, तुमच्यात आमच्यात एकच शब्द.
बोंद्रे म्हणाले, "मंत्री म्हटलं की लोक गंडे-ताईत मागायला येतील."
तरी मंत्रीच ठरलं.

"आधी 'ना.' काढ. ना. म्हणजे नामदार.
तुझं नाव काय रे?"
"निनावे."
पंखा ओढणारा सुकलू असा हसला की दोरी सुटली,
आणि टेबलावरचे फडफडणारे कागद
एकदम गप्प बसले.

मला मत नव्हतं.
घर दुसऱ्याचं, सारा नाही, शाळा दुसरीपर्यंत.
निवडणुकीच्या दिवशी ज्यांना होतं ते जुन्या मंगळवारीतून
टांग्यात बसून गेले.
टांग्यांच्या पाठीला कापडी फलक होते,
अक्षर माझंच.

पण या दारावर हात थरथरला.
पोरीच्या पाटीवर पहिला 'श्री' काढून देताना थरथरला होता,
तसा.

श्रावणात रंग वाळत नाही.
मंत्री आले तेव्हा अक्षरं ओलीच होती.
ओल्या खादीचा वास, करकरणाऱ्या चपला.
दारापाशी येऊन ते थांबले. ढकललं नाही.
नुसते उभे राहिले, हात बाजूला सोडून.
चपराशाला वाटलं, काय रुबाब!
त्यानं धावत जाऊन उघडलं.
मला दिसलं ते वेगळं:
या माणसाची कितीतरी वर्षं
दारं दुसऱ्यानंच उघडली होती, बाहेरून, किल्लीनं.

मग त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.
परक्याचं वाचावं तसं, सावकाश.
म्हणाले, "टिंब राहिलं."

खरंच की. मत्री लिहिलं होतं मी.
तिथंच, त्यांच्या देखत, टिंब दिलं.
रंग जरा जास्तच घेतला गेला.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुमारास, तोच चपराशी.
कुठंतरी लढाई लागली होती, आम्हाला न विचारता.
"राजीनामे झाले. नाव काढ."

नाव लिहिल्याचं माझं बिल, सव्वा रुपया,
तोवर सहीसाठी फिरतच होतं.
नाव पुसल्याचे पैसे त्याच दिवशी मिळाले. रोख.

अक्षरं निघाली. टिंब निघेना.
तेल सागात खोल उतरलं होतं,
माझा पत्रा वाकला.
बोंद्रे इकडं तिकडं पाहत म्हणाले, "राहू दे. त्याच्या खालीच लिही."

ट्रॉटर साहेब परत आला, सल्लागार होऊन.
त्याच्या इंग्रजी नावाच्या डोक्यावर
लढाई संपेतो आमचा अनुस्वार होता.
आत जाताना तो रोज
रुमालानं घासून पाहायचा.
डाग वाटायचा त्याला.