कृपया दरवाजा बंद करा

अडीच वर्षांची इरू
रात्री पावणेअकराला पलंगावरून उतरते.
आधी पोट घसरतं, मग एक पाय,
मग हवेत जमीन शोधणारा दुसरा.
मी ओट्याशी कुकर घासत असतो.
मागून आवाज येतो,
"कृपया दरवाजा बंद करा."

हे ती माझ्याकडूनच शिकली.
मी लिफ्टा दुरुस्त करतो,
लोअर परळ, वरळी, चाळीस-चाळीस मजल्यांच्या.
राहतो कुर्ल्यात, नेहरूनगरला, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

वृषाली विमानतळावर, कार्गोत, रात्रपाळीला.
जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली आहे,
डॉक्टर गोडांबेंनी सांगितलेलं, तिच्या अक्षरात:
बोलायचं नाही. रागवायचं नाही. गोष्ट नाही. दूध नाही.
हाताला धरायचं, गादीवर ठेवायचं, बाहेर यायचं.
कितीही वेळा.
'कितीही'च्या खाली दोन रेघा.

पहिल्या रात्री सव्वीस वेळा.
मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहून ठेवलं.
बाविसाव्या वेळी ती हसत होती,
तेविसाव्या वेळी रडत होती,
आणि मला दोन्हीचा आवाज सारखाच वाटायला लागला होता.
खालच्या तांबोळीचाचींनी सकाळी जिन्यात विचारलं,
"बच्ची ठीक है ना?"
मी म्हटलं, बच्ची ठीक आहे.

दुसऱ्या रात्री एकोणीस.
तिसऱ्या रात्री एकतीस.
गणित कुठे चुकतंय कळेना.
पॅनल उघडून बघावं असं हे यंत्र नाही.
पाणी हवं. शू आली. पंखा बघतोय.
उशी गरम झाली.
आईची गाडी कुठे गेली.
चादरीला चेहरा आहे.

चौथ्या रात्री दोन वाजता फोन:
वरळीला तेविसाव्या आणि चोविसाव्याच्या मध्ये
एक म्हातारे गृहस्थ अडकलेत.
मी जाऊ शकत नव्हतो. हरमीतला पाठवलं,
आणि तो पोचेपर्यंत
लाइन धरून बसलो, पॅसेजमध्ये, भिंतीला टेकून.
अशा वेळी मी काय बोलतो ते ठरलेलं आहे,
बारा वर्षं तेच बोलतोय:
काका, मी इथेच आहे.
दोर तुटत नाही. हवा आहे.
मी इथेच आहे.
माणसं दार उघडण्याची वाट बघतात हे खरं,
पण त्याआधी
कुणीतरी बाहेर आहे एवढं कळलं
की श्वास जागेवर येतो.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं,
चाळीस मिनिटं इरू उठलेली नाही.
दाराच्या फटीतून पाहिलं.
जागी होती. ऐकत होती.
माझ्या 'काका'ला
आपलंच नाव समजून
पांघरूण नाकापर्यंत ओढून पडली होती.

लिफ्टच्या दारात हात घातला की दार परत उघडतं.
लोक तक्रार करतात, बिघाड आहे म्हणून.
तो बिघाड नसतो हो, ती सोय असते.
हे मी सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना शंभरदा समजावलंय.
घरी आठवायला चार रात्री लागल्या.

पाचव्या रात्री चिठ्ठीतला एक नियम मोडला.
दाराबाहेर सतरंजी टाकली, दिवा घालवला,
आणि तिनं पाय खाली सोडायच्या आत म्हटलं,
"काका, मी इथेच आहे."
आतून खुदकन.
मग थोड्या वेळानं, "दोल?"
"दोर तुटत नाही."
"हवा?"
"हवा आहे."
मग एक विमान गेलं, खूप खालून,
खिडकीची काच थरथरली,
आणि त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.
मी तरी दोनदा सांगून ठेवलं.

सहा वाजता वृषाली आली.
सतरंजीवर मी, तोंड उघडं, एक हात उंबऱ्यावर.
ती काही बोलली नाही.
रागावली नाही.
हाताला धरलं,
गादीवर नेऊन ठेवलं,
बाहेर गेली.

कॅलेंडरवर त्या तारखेला शून्य लिहिलं होतं मी.
तिनं ते खोडून
तिच्या अक्षरात लिहिलंय: एक.