चोडणवर, नऊशे मीटरवरून

दाबोळीहून उठलो तेव्हा पावणेसहा.
विमानाच्या पोटाला भोक पाडून बसवलेली आमची पेटी
खाली काही फेकत नाही.
ना किरण, ना प्रश्न.
नुसती ऐकते.

जे जे म्हणून उबदार आहे
ते अखंड काहीतरी पुटपुटत असतं:
कौलं, काजूचे माळ, वास्कोच्या टाक्या,
थर्मासचं झाकण फिरवणारा अभिनंदन.

आधी तिचं तोंड आभाळाकडे केलं.
तिथं पाच केल्विन, म्हणजे जवळजवळ कुणीच नाही.
मग काळ्या शोषकाची तीनशेची ऊब.
या दोहोंत सगळा गोवा बसवायचा.

कोरडी माती मोठ्यानं बोलते.
ओली आवाज खाली घेते.
पाणी तर तोंडातल्या तोंडात,
म्हणून पडद्यावर मांडवी इतकी गार,
शंभराच्याही आत,
आणि प्रत्यक्षात हात घालाल तर कोमट.

खाजनावरची तिसरी फेरी.
दोनशे साठ, अठ्ठावन्न, एकसष्ट,
आणि एकाएकी एकशे ऐंशी.
कापलेल्या कोरगुटाच्या मधोमध एक ठिपका.
अभिनंदन म्हणाला, जहाजाचं रडार असेल, खोड.
मी खोडलं नाही, पण वहीत लिहिलं: संशयास्पद.

खाली बांधावर आमचा मातीचा माणूस, कायतान,
पोलादी नळी, ॲल्युमिनियमच्या डब्या,
चिखलात नडगीपर्यंत.
वायरलेसवर विचारलं, तर आधी हसला.
"रातीं दर्या भितर सरला, बाये.
मानशीचें दार कुसलां."
तुला कसं कळलं?
"पांयांक थंड लागलें."

चार वर्षं आणि दोन मंत्रालयांच्या सह्या लागल्या होत्या
आमच्या पेटीला
एवढंच म्हणायला.

सतरा नंबरची डबी रात्रभर भट्टीत,
एकशे पाच अंशांवर.
सकाळी तागडीत टाकली तेव्हा
पाणी गेलेलं,
काठावर मिठाची पुसट रेघ. बोट लावून चाखली,
नियमात बसत नाही ते.

वहीतला तो शब्द खोडला.
तारीख, वेळ, उंची, भरतीचा आकडा.
'उपकरण' या रकान्यात पेटीच्या नावाखाली
थोडी जागा उरली होती.
तिथं लिहिलं: कायतान, अनवाणी.

मग फोन लावत बसले,
चोडणमध्ये कुणी सुतार मोकळा आहे का.
पुढची भरती अकराला होती.